सोवळ्यातली मोटार

मोटार दोन बैल ओढत आले, तेव्हाच केशोरावांनी शहाणं व्हायला हवं होतं. पण भाविक माणसाला संकट येताना दिसत नाही. त्याला संकटाच्या मागून देव येताना दिसतो.

चैत्रातलं ऊन. दवनीवाड्याच्या रस्त्यानं पुढे पांढऱ्या बैलांची जोडी, जुवाला बांधलेला दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला चाकांवर ठेवलेलं काचेचं कपाट. त्या कपाटात सुकाणूची दांडी धरून सुखराम बसला होता आणि अधूनमधून मोटारीलाच "हर्र, हर्र!" करत होता. सुखराम हा दवनीवाड्याच्या मालगुजारांचा, म्हणजे जमीनदारांचा, ड्रायव्हर, पण मूळचा बंडीवाला, बैलगाडी हाकणारा. हाताची सवय गेली तरी जिभेची जात नाही.

"काऊन जी केशोराव," उदारामनं पहिला दगड मारला, "बिना पेट्रोलची मोटार म्हनले होते तुमी. बैलाची हाये म्हून नाई सांगतलं!"

उदाराम म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेला फायरमन. जन्मभर इंजिनात कोळसा टाकल्यामुळे जगातल्या यच्चयावत यंत्रांना सल्ला देण्याचा हक्क आपल्याला पेन्शनीबरोबरच मिळाला आहे, अशी त्याची समजूत होती.

"ब्याटरी भरून आनली जी," सुखराम खाली उतरत म्हणाला. "रस्त्यात बिजली सांडू नाई म्हून बैल लावले."

यावर मुर्री गावात कोणीही हसलं नाही. तुपाचं मडकं परगावाहून आणताना माणूस जपतोच. मग विजेचं काय घेऊन बसलात!

आता ही विजेची मोटार कीर्तनाच्या कामी कशी आली, तेवढं सांगायला हवं. मुर्रीच्या मारुती मंदिरात चैत्रात जागेश्वरबुवांचं कीर्तन व्हायचं. बुवा म्हणजे साखर. पूर्वरंगात माणसाला रडवायचे, उत्तररंगात हसवायचे आणि आरतीला दोन्ही एकदम. पण गेल्या साली त्यांना गोंदियाच्या स्टेशनवरून धानगिरणीच्या लॉरीत बसवून आणलं, लॉरीचा काळा धूर त्यांच्या गळ्यात उतरला आणि आख्यान ऐन रंगात असताना आवाज बसला. बुवा हात जोडून उठले. मांडवात कुजबूज झाली, आणि कुंजीलालनं तेवढ्यात डाव साधला. कुंजीलाल हा केशोरावांचा शेजारी. शेतीवाडीचा, दिलदार गडी, पण दंडारीच्या नाचगाण्याचा भोक्ता. "औंदा कीर्तन अर्धं राह्यलं," तो म्हणाला. "पुढच्या साली बी राह्यलं, तं मंग उत्सवात दंडार बसवू. दंडारीवाल्याचा गळा नाई बसत बापा!" पंचांनी माना डोलावल्या.

त्या डोललेल्या माना केशोरावांच्या काळजात रुतल्या होत्या. ते गोंदियात कचेरीत हेडक्लार्क आणि मुर्रीत उत्सवाचे सेक्रेटरी. कचेरीत त्यांना कोणी विचारत नसे. मुर्रीत निदान वर्षातून एकदा, बुवांना हार घालताना, लोक त्यांच्याकडे पाहत. म्हणून त्यांनी बुवांना शब्द दिला की या साली धुराचा वाससुद्धा येणार नाही. टांग्यानं आणावं तर धूळ. मग कोणीतरी म्हणालं की दवनीवाड्याच्या चैतरामजी मालगुजारांकडे वडिलांच्या काळची विलायती मोटार आहे, विजेवर चालते, धूर नाही, आवाज नाही, वर काचांची बंद खोली. मालगुजारी गेली होती, तरी चैतरामजींची ऐट शाबूत होती. त्यांनी लढाईनंतरच्या लष्करी लिलावातून बॅटऱ्या आणून मोटारीत बसवल्या होत्या. देवाच्या कामाला त्यांनी मोटार आनंदानं दिली. फक्त तिच्यात गेली दोन वर्षं कोंबड्या झोपत होत्या, हे सांगायचं राहून गेलं.

केशोरावांनी मोटारीचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरले.

"अवो बाई!" पदर नाकाला लावून सुशिलाबाई म्हणाल्या. "हे बुवाले आनाची मोटार हाये का खुराडा? याच्यात बसून बुवा कीर्तन करतील का अंडे देतील?"

सुशिलाबाई केशोरावांच्या अर्धांगी. बाकीचं अर्धं अंगही त्यांच्याच ताब्यात होतं.

"धुऊ," केशोराव धीरानं म्हणाले. "बुवा उद्या दुपारच्या गाडीनं येणार. आजचा दिवस हातात आहे."

"धुवा," सुखराम बैल सोडत म्हणाला, "पन मालकानं सांगतलं का मांगच्या पेटीले जपजा. बिजली तिथं राह्यते." एवढं बोलून तो पिंपळाखाली जाऊन आडवा झाला. त्याचं ज्ञान तिथं संपत होतं.

मुर्रीत बैल धुणारे शंभर आणि भांडी घासणाऱ्या घरोघरी. पण विजेची मोटार धुतलेला माणूस पंचक्रोशीत नव्हता. म्हणून सल्ल्याला तोटा पडला नाही. उदाराम म्हणाला की इंजिन नेहमी उकळत्या वाफेनं धुतात. शेजारची शामकला म्हणाली, कोंबडीचा विटाळ आहे तर गोमूत्राशिवाय जायचा नाही. कुंजीलालनं धानाच्या कोंड्याची राख आणून ठेवली. केशोरावांनी कोणालाच नाही म्हटलं नाही. त्यामुळे दुपारपर्यंत मोटारीवर वाफ सोडून सगळं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर काचा उजळल्या, गाद्यांखालून पिसं निघाली, पितळी दांड्यांत तोंड दिसू लागलं. आतली पायानं दाबायची विजेची घंटासुद्धा सुशिलाबाईंनी चिंचेच्या कोळानं अशी लख्ख केली की देवघरात टांगावी.

मग उदारामनं मागची पेटी उघडली.

आत बॅटऱ्या ओळीनं बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यांवर पांढरा-हिरवा खार फुलला होता. सुशिलाबाईंना तो पाहवला नाही. समईवर हिरवं दिसलं तरी त्यांना जेवण जात नसे. त्यांनी चिंचेच्या कोळानं भरलेली माहेरची पितळी परात उचलली आणि हात मोकळे असावेत म्हणून, चुलीच्या ओट्यावर ठेवावी तशी, बॅटऱ्यांच्या डोक्यांवर ठेवून दिली.

ताड!

निळा लोळ उठला. परात उडून अंगणात पडली आणि तिच्या काठाचा एक घास नाहीसा झाला. उंदरानं भाकर कुरतडावी तसा. कुत्री पळाली. उदाराम एका उडीत उकिरड्यात गेला आणि तिथून ओरडला, "काई नाई, काई नाई! असंच होत राह्यते!"

सुशिलाबाई परातीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती पदरानं उचलली आणि गेलेला घास बोटानं मोजला. केशोराव एवढे हादरले की त्यांनी आधी मारुतीला हात जोडले, मग पेटीला.

हात जोडलेल्या अवस्थेतच त्यांना शास्त्र सुचलं. कुंजीलालच्या पुढच्या हालअपेष्टांचं मूळ म्हणजे ते शास्त्र.

"वीज ही शक्ती आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "देवीचंच रूप. ओवळ्या हातानं आपण देव्हाऱ्याला शिवतो का? नाही. मग हिला कसं चालेल?"

ते घरात गेले आणि रेशमी मुकटा नेसून, पायात खडावा घालून, हातात लाकडी पाट घेऊन बाहेर आले. पाट पेटीसमोर मांडला, त्यावर खडावांसकट उभे राहिले, मुकट्याचा सोगा बोटांभोवती गुंडाळला आणि रामनाम घेत बॅटरीवरचा खार पुसला. काही झालं नाही. दुसरा पुसला. वीज गाईसारखी गरीब. सगळा खार निघाला आणि केशोरावांचा केसही वाकडा झाला नाही.

अंगणातल्यांनी हात जोडले. शामकलानं तर पेटीवर दुरूनच हळदकुंकू टाकलं.

"पाहा!" केशोराव म्हणाले. त्या एका शब्दात कचेरीतल्या बारा साहेबांचा सूड होता.

कुंजीलालला हे सहन होईना. दंडारीवाला असला म्हणून काय झालं, देवाच्या कामात तोही मागे राहणारा नव्हता. "मी बी एक ब्याटरी पुसतो," तो म्हणाला.

"सोवळं आहे का?"

"रेशमी नाई माह्याजवळ. पन वल्ल्या धोतरानं पूजा चालते का नाई?"

केशोराव विचारात पडले. शास्त्रात तशी सोय होतीच. ज्याच्याजवळ रेशीम नाही त्यानं आंघोळ करून ओलेत्यानं पूजा करावी. रेशमाइतकंच ते पवित्र. मारुतीचा पुजारी तर बारा महिने ओलेताच असतो.

"चालते," ते म्हणाले.

"मंग देवाले चालते तं बिजलीले काऊन नाई चालनार?" असं म्हणून कुंजीलालनं विहिरीची भरली बादली डोक्यावर ओतली, अनवाणी, निथळत आला, आणि "जय बजरंग!" म्हणून दोन्ही हातांनी दोन टोकांच्या दोन बॅटऱ्या एकदम धरल्या.

त्यानं काढलेला आवाज कुठल्याच दंडारीत कोणी ऐकला नसेल. तो उभ्या जागी हातभर वर गेला, खाली आला आणि चिखलात बसला. मिशी फिसकारलेली, डोळे वटारलेले.

"अरे कुंजीलाल! काय झालं?"

"बिजलीले शास्त्र नाई समजत जी!" कुंजीलाल दातखिळीतून म्हणाला.

केशोरावांच्या पायांखालचा पाट सरकला. एवढं सुंदर शास्त्र, अर्धा तासही टिकलं नाही! पण उकिरड्यातून अंग झाडत उदाराम पुढे आला, त्यानं कुंजीलालला निरखलं आणि त्याच्या कानामागे बोट दाखवलं. "हे का होय? बिडी! कानामांगं बिडी ठिवून सोवळं पाळून राह्यला हा!"

"हात्तिच्या!" सारं अंगण म्हणालं. वीज निर्दोष सुटली. कुंजीलाललाही पटलं, त्यानं ओली बिडी भक्तिभावानं फेकून दिली. उदारामनं जाता जाता बॅटऱ्यांची बुचं उघडून पाहिली, आत पाणी थोडं कमी दिसलं, आणि 'इंजिनात पाणी कमी ठेवू नये' या रेल्वेच्या धर्माला जागून त्यानं सगळ्या काठोकाठ भरल्या.

दुसऱ्या दिवशी स्टेशनाबाहेर मोटार उभी राहिली तेव्हा हमालसुद्धा पाहत राहिले. बैल आता मोटारीच्या मागून येत होते, पाहुण्यांसारखे. जागेश्वरबुवा उतरले, गोरे, कृश, गळ्याला लोकरीचा पट्टा. केशोरावांनी हार घातला.

"धूर नाही ना, केशोराव?"

"धूर नाही, धूळ नाही, आवाजदेखील नाही, बुवा. काचेच्या देव्हाऱ्यातून नेतो तुम्हाला."

"पांडुरंग, पांडुरंग! किती करता हो तुम्ही," बुवा म्हणाले आणि त्यांचे डोळे पाणावले.

आत बुवा, हार्मोनियम वाजवणारा त्यांचा पेटीवाला आणि सुखराम एवढीच जागा होती. केशोराव अभिमानानं मागच्या पेटीवर बसले. नवं पांढरंशुभ्र धोतर, कोट, टोपी. सुखरामनं दांडी ढकलली आणि मोटार निघाली. पाण्यावरून बदक जावं तशी. केशोरावांना वाटलं, वैकुंठाला असंच जात असतील.

हे वैकुंठ बाजारापर्यंत टिकलं.

मोटारीला आवाज नाही, हा तिचा गुण. पण आवाज नाही म्हटल्यावर समोरचा हटणार कसा? पहिल्यांदा एक बकरी हटली नाही. सुखरामनं घंटा दाबली. घंटा वाजली नाही. पुन्हा दाबली. चिंचेचा कोळ तिच्या पोटात उतरून तिची वाचा गेली होती. नुसती लखलखत होती बापडी. बकरीनंतर तणसाचा भारा डोक्यावर घेतलेली बाई. मग बिडीच्या कारखान्यातून सुटलेल्या बायांचा घोळका, बोलण्यात गुंग. मोटार त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली तरी पत्ता नाही.

"हर्र! हर्र!" सुखराम ओरडला. पण काचांतून आवाज बाहेर जाईना, आणि त्याच्या बाजूची काच राखेनं घासल्यापासून खाली येत नव्हती. बुवांच्या बाजूची येत होती. बुवांनी ती खाली केली आणि मऊ आवाजात म्हणाले, "जरा बाजूला व्हा हो, माय."

मागे वळलेल्या बाईनं किंकाळी फोडली. घोडा नाही, बैल नाही, भोंगा नाही, आणि पाठीशी काचेत बसलेला हार घातलेला म्हातारा! "भूत हाये वो!" म्हणत बाया दोन्हीकडे पांगल्या.

मग पेठेतला सांड आडवा आला. तो माय म्हटल्यानं हटणाऱ्यातला नव्हता. बुवांनी चिपळ्या काढल्या आणि खणखणीत आवाजात रामनामाचा गजर धरला. सांड हटला. बुवांना वाटलं, चला, मार्ग सापडला. तिथून मुर्रीच्या वेशीपर्यंत प्रत्येक बंडीला, सायकलीला, म्हशीला बुवा रामनाम देत राहिले. चढ्या पट्टीत, खिडकीतून मान बाहेर काढून, तोंडात रस्त्याची सगळी धूळ घेत.

"बुवा, गळा सांभाळा!" मागून केशोराव ओरडत होते. पण बुवा पुढे आणि केशोराव पेटीवर. खड्डा आला की पेटीतून कोमट काहीतरी उसळे आणि बैठकीला ओल लागे. ऊन आहे, घाम असेल, असं म्हणून ते बसून राहिले.

त्यात जकातनाक्यावरच्या मुन्शी चैनलालनं दांडा आडवा केला. त्यानं मोटारीला प्रदक्षिणा घातली, वाकून खाली पाहिलं आणि धक्का बसल्यासारखा उभा राहिला.

"इंजन कहाँ है?"

"इंजिन नाही. वीज आहे."

"तो मोटर नहीं हुई. फिर ये बैल क्यों हैं?"

"ते मोकळे आहेत. मागून येताहेत."

"तो बैलगाड़ी भी नहीं हुई." चैनलालनं कपाळाला हात लावला. "साहब, मोटर का कायदा है मेरे पास, बंडी का है. ये क्या है, ये आप बताओ. बिना जात की गाड़ी मैं कैसे छोड़ूँ?"

केशोराव, हेडक्लार्क, जन्मभर लोकांना असेच प्रश्न विचारत आलेला माणूस, खिशात कागद शोधू लागला. शेवटी बुवांनीच खिडकीतून त्याला समजावलं: हे देवाचं वाहन, जसा गरुड. चैनलालला गरुडाचा कायदा ठाऊक नव्हता, म्हणून बुवांना तो बराच वेळ आणि मोठ्यानं समजवावा लागला. चैनलाल एका कानानं कमी ऐकत असे.

मोटार मंदिरापाशी पोहोचली तेव्हा मांडव खच्चून भरला होता. पुढच्याच ओळीत पंच, आणि त्यांच्या शेजारी कुंजीलाल. बुवांनी पागोटं चढवलं, मारुतीला नमस्कार केला, चिपळ्या वाजवल्या, पेटीवाल्यानं सूर दिला, आणि बुवांनी तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

पुन्हा उघडलं. वाळलेल्या पळसाच्या पानासारखी खरखर आली फक्त. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. कुंजीलालनं नुसता घसा खाकरला. पण त्या खाकरण्यात केशोरावांना दंडारीचा अख्खा ढोल ऐकू आला. धूर टाळण्यासाठी एवढं केलं, आणि घंटेबरोबर बुवांचा गळाही आपणच घासूनपुसून रिकामा केला! त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं.

बुवांनी खूण करून त्यांना जवळ बोलावलं, कानाशी लागले आणि कुजबुजले, "मी सांगतो तसं म्हणा. मोठ्यानं. पाठ मंडळींकडे झाली तरी चालेल, कान माझ्याकडे ठेवा."

केशोराव श्रोत्यांकडे पाठ करून, बुवांच्या तोंडाशी कान लावून उभे राहिले. आख्यान होतं केवटाचं; रामाला नावेत घेण्याआधी पाय धुऊ दे म्हणणाऱ्या नावाड्याचं. आणि मुर्रीची रीत अशी की बुवांच्या ओळीचं शेपूट सगळा मांडव उचलून धरतो, झांजेच्या ठेक्यावर.

"केवट म्हणाला, देवा, आधी पाय धुऊ दे!" केशोराव गरजले.

"पाय धुऊ दे!" मांडव.

जमलं. केशोरावांच्या अंगावर काटा आला. जन्मभर ज्या चरणांपाशी बसून ऐकलं, त्यांची वाणी आपल्या मुखातून निघतेय! कान बुवांकडे, डोळे मिटलेले. शब्द यायचा तसा ते पुढे देत होते. अर्थाकडे पाहायला शुद्ध होती कुणाला?

बुवा कुजबुजले, "पाणी."

"पाणी!"

"पानी!" मांडव.

"अहो, मला पाणी हवंय."

"अहो, मला पाणी हवंय!" केशोराव आर्त स्वरात म्हणाले. मागे बायांनी डोळ्यांना पदर लावले. केवटाची तळमळ तशी कोणी मांडली नव्हती. पंचांतले एक तर पुढे येऊन खरोखरच तांब्या ठेवून गेले.

बुवा पाणी प्यायले. मग त्यांची नजर केशोरावांच्या मागच्या बाजूला गेली, आणि ते एकदम थबकले. खड्ड्याखड्ड्याला उसळलेल्या बॅटऱ्यांच्या तेजाबानं आपलं काम शांतपणे केलं होतं. ते धोतर आता धोतर म्हणण्यासारखं उरलं नव्हतं. मागे नुसती झालर होती, आणि चार पावलं हललं की तिचा एकेक धागा खाली उतरत होता. बुवा घाईनं कानाशी वाकले.

केशोरावांनी छाती भरून घेतली, हात उंचावले आणि चढ्या सुरात म्हटलं:

"अहो केशोराव, धोतर विरलं मागून!"

झांजवाल्याची नजर धोतराकडे गेली. मग रीत ती रीत. झांज पडली आणि सगळ्या मांडवानं ठेक्यात उचललं:

"धोतर विरलं मागून!"

बुवांनी ओठ दाबले, डोळे मिटले, देवाकडे पाहिलं. काही उपयोग झाला नाही. त्यांना हसू आलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग खोकल्याची एक मोठी उबळ आली, रस्त्याची सगळी धूळ बाहेर पडली, आणि त्या हसण्याच्या शेवटी खणखणीत, जुना, साखरेचा आवाज फुटला. तो आवाज तसाच धरून बुवांनी केवटाची नाव गंगेत लोटली.

ते कीर्तन दिवेलागणीपर्यंत चाललं. असं रंगलेलं कीर्तन मुर्रीनं पाहिलं नव्हतं. शेवटी कुंजीलालच उठला, पंचांकडे वळला आणि डोळे पुसत म्हणाला, "दंडारीचं नाव काढान तं याद राखा! एवढं दंडारीत कुठं भेटते बापा?"

आरतीला सगळे उठले. एकटे केशोराव खांबाला पाठ घट्ट लावून, मांडी घालून, डोळे मिटून बसून राहिले. तबक फिरत आलं तरी हलले नाहीत. "भाव लागला हो," बाया एकमेकींना म्हणाल्या आणि दुरूनच त्यांच्या पाया पडल्या. ती समाधी उतरवायला सुशिलाबाईंना घरून दुसरं धोतर आणावं लागलं.